अर्ध्या मिनिटाची कारकीर्द

पुरुषांचा कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा आणि एक चढाई फार तर ३० सेकंदांची. भागाकार सोपा आहे. दोन्ही संघांच्या मिळून ऐंशीच्या आसपास चढाया, एका संघाच्या वाट्याला चाळीसेक, आणि त्यातल्या पंधरा-सोळा संघाच्या हुकमी चढाईपटूच्या. ज्याच्या नावाने मैदान दणाणतं, ज्याच्यावर लिलावात बोली चढत जाते, तो गडी एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या हद्दीत सगळा मिळून सात-आठ मिनिटं असतो. प्रो कबड्डी लीगच्या अख्ख्या पर्वात बावीसेक सामने खेळला तरी हिशेब तीन तासांच्या पुढे जात नाही. एक मराठी सिनेमा, मध्यंतरासकट. तेवढ्यावर त्याचं वर्ष ठरतं.

असलम इनामदार आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा. प्रो कबड्डीच्या आठव्या पर्वात, २०२१ च्या डिसेंबरात, तो पुणेरी पलटणकडून नवा खेळाडू म्हणून उतरला. दोन वर्षांच्या आत तो भारताच्या संघात होता. २०२३ मध्ये आधी बुसानची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, मग हांगझाऊचे आशियाई खेळ, आणि दोन्हीकडे सुवर्ण. त्याच वर्षी पलटणचं कर्णधारपदही आलं. त्याच्या चढाया बघताना मला एकाच गोष्टीचं नवल वाटत राहतं. या माणसाने जे काही मिळवलं, ते अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत मिळवलं. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज तेवढ्या वेळात जेमतेम वळून आपल्या खुणेपर्यंत चालत जातो.

तर या अर्ध्या मिनिटात असतं काय?

मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येकाकडे साडेसहा मीटर खोली. दोन्ही कडांना एकेक मीटरचा पट्टा असतो, ते राखीव क्षेत्र. स्पर्श होऊन झटापट सुरू झाल्याशिवाय तिथे पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून खरं रिंगण आठच मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला काही साधलं नाही तरी निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतता येत नाही. तसाच परतला तर बाद. समोर सहा किंवा सात जण जिवंत असतील तर बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून एक गुण मिळतो, पण तो पाय टेकताना मागचा पाय हवेत असला पाहिजे. म्हणजे सात जणांच्या कोंडाळ्यात, घरापासून पावणेपाच मीटर आत, एका पायावर तोललेला माणूस. सगळ्यात असहाय म्हणावं अशा क्षणाला या खेळाने गुण ठेवला आहे! नियम करणाऱ्यांच्या या खट्याळपणाला दाद द्यायलाच हवी.

त्याच्या दोन्ही बाजूंना कोपरारक्षक उभे असतात. त्यांच्याकडून पाहिलं तर गंमत आणखी वाढते. डोळ्याला एखादी हालचाल दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हे मेंदूचं आणि नसांचं काम आहे, सरावाने ते फार घटत नाही. चपळ चढाईपटूचं पाऊल तेवढ्या वेळात सहज मीटरभर सरकतं. म्हणजे पाय पुढे आलेला दिसला आणि मग पकडायला गेलो, असं करून घोटा कधीच हाती लागणार नाही. तरी तो लागतो. प्रत्येक सामन्यात लागतो. कारण चांगला कोपरारक्षक पाय यायच्या आधीच निघालेला असतो. चढाईपटूचं वजन कोणत्या पायावर आहे, कंबर कुठे वळते आहे, मागच्या दोन चढायांत त्याने काय केलं होतं, यावरून तो पुढचं पाऊल ताडतो आणि अजून न पडलेल्या पावलावर झेप घेतो. चढाईपटूलाही हे ठाऊक असतं. म्हणून तो वजन एकीकडे दाखवतो आणि जातो दुसरीकडे. दोघंही एकमेकांच्या पाव सेकंद पुढच्या काळात खेळत असतात. हे एकदा कळल्यावर चढाईचा सुरुवातीचा भाग, जेव्हा वरवर काहीच घडत नाही आणि गडी नुसता इकडून तिकडे झुलत असतो, मला सगळ्यात जास्त बघावासा वाटतो.

असलमचं वेगळेपण असं की तो या दोन्ही बाजू जाणतो. चढाई हे त्याचं मुख्य काम, पण मागे राहिला की पकडीतही हात घालतो. अष्टपैलू गडी कबड्डीत दुर्मीळ असतो, कारण दोन्ही कामांना लागणारी शरीरं वेगळी. चढाईला लांब हात-पाय आणि हलकेपणा लागतो, पकडीला जमिनीला चिकटून राहणारं बळ. त्यात वजनाचा काटा असतो. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोच्या वर गेलात की संघाबाहेर. रग्बीत सव्वाशे किलोचा पहाड चालतो, कबड्डीत चालत नाही. त्यामुळे एकट्याचं बळ कधीच सात जणांना पुरत नाही आणि सुटायचं तर युक्तीनेच सुटावं लागतं.

आता शरीराच्या आत. जोरदार हालचाल सुरू झाली की स्नायू आधी हाताशी असलेला साठा वापरतात, क्रिएटिन फॉस्फेटचा. तो आठ-दहा सेकंदांत संपत येतो. मग साखर प्राणवायूशिवाय मोडायची पद्धत सुरू होते; तिने जोर मिळतो, पण पाय जड होत जातात. व्यायामशास्त्राच्या प्रयोगशाळांत खेळाडूची ही ताकद मोजायला सायकलवर बसवून जिवाच्या आकांताने पायडल मारायला लावतात. तिला विंगेट चाचणी म्हणतात, १९७० च्या दशकात इस्रायलमधल्या विंगेट संस्थेत ती तयार झाली, आणि तिचा वेळ आहे बरोबर ३० सेकंद. कबड्डीशी तिचा संबंध काही नाही. पण ज्यांनी ही चाचणी दिली आहे त्यांना विचारा, शेवटची दहा सेकंदं कशी जातात. म्हणूनच शहाणा चढाईपटू पहिली वीस सेकंदं झुलण्यात घालवतो आणि फॉस्फेटचा साठा एका झेपेसाठी राखून ठेवतो. त्याला हे शास्त्र माहीत असेलच असं नाही. त्याच्या मांड्यांना माहीत असतं.

आणि गुडघ्यांनाही. धावता धावता थांबणं, एका पायावर गर्रकन फिरणं, आणि त्याच क्षणी घोट्याला कुणीतरी मिठी मारणं, हे गुडघ्याच्या सांध्यासाठी जितकं वाईट असू शकतं तितकं वाईट आहे. २०२४ च्या अकराव्या पर्वात गुडघ्याच्या दुखापतीने असलमला अर्ध्यातून बाहेर बसवलं. बाराव्या पर्वात तो कर्णधार म्हणून परत आला आणि पलटणला थेट अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०२५ ला दबंग दिल्लीने तो ३१-२८ असा जिंकला. कबड्डीपटूच्या कारकिर्दीत दुखापतीची अशी कोरी पानं असतातच. चाहत्यांना ती दिसत नाहीत, घरच्यांना दिसतात.

पण या ३० सेकंदांकडे मी मुळात ओढला गेलो तो त्यातल्या आवाजामुळे. चढाईपटू ‘कबड्डी कबड्डी’ का म्हणतो? लहानपणी वाटायचं, खेळाचं नाव आहे म्हणून. उत्तर फार हुशारीचं आहे. बोलायचं तर श्वास बाहेर सोडावा लागतो. सलग, स्पष्ट, एका ठेक्यात बोलत राहिलात तर श्वास आत घ्यायला जागाच उरत नाही. चोरून घेतलात तर ठेका तुटतो आणि शेजारी उभ्या पंचाला तो ऐकू येतो. म्हणजे तो जप हे घड्याळ होतं. ज्या काळात गावाच्या मैदानावर कुणाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, त्या काळात खेळाडूच्या छातीतच ते बसवलेलं होतं, आणि त्याचा काटा सगळ्यांना ऐकू येत होता. चढाई किती वेळ चालणार हे त्या गड्याची फुप्फुसं ठरवायची. शिवाय श्रम जितके जास्त तितका रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो, आणि श्वास घ्यायची असह्य तल्लफ प्राणवायू कमी पडल्याने येण्याआधी या वायूमुळेच येते. म्हणून जो जास्त झटतो त्याचा दम लवकर संपतो. धसमुसळ्याला आपोआप शिक्षा आणि शांत डोक्याच्या गड्याला आपोआप जास्त वेळ. आता पंचाच्या हातात स्टॉपवॉच आहे आणि फलकावर उलटे आकडे पळतात, तरी दम घालण्याचा नियम खेळाने सोडलेला नाही. बरं केलं.

हुतूतूचे, म्हणजे जुन्या कबड्डीचे, प्रकारही काळाच्या हिशेबानेच वेगळे होते. संजीवनीत मेलेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की जिवंत होऊन परत येई. गामिनीत मेला तो मेला, अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे आणि ठरलेली वेळ संपली की थांबायचं. आजच्या खेळाने संजीवनीचं पुनरुज्जीवन घेतलं आणि अमरची बांधलेली वेळ. १९२३ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय स्पर्धेच्या निमित्ताने नियम एकसारखे झाले, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे हा खेळ करून दाखवला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत तो पदकाचा खेळ झाला. मधल्या काळात शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्यं वेचली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

नियम पक्के झाले तरी एक रोग उरला होता. आघाडीवर असलेला संघ चढाईला येतो, निदान रेषा ओलांडतो, कुणाच्या जवळही जात नाही आणि वेळ खाऊन परततो. पुन्हा तेच. नियमात सगळं बसतं आणि प्रेक्षक जांभया देतात. त्यावर उपाय निघाला तो तिसऱ्या चढाईचा. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. एका ओळीच्या नियमाने खेळाची नाडी बदलली.

हाच रोग, आणि जवळपास हाच उपाय, कबड्डीचं नावही न ऐकलेल्या माणसांनी पाच हजार मैलांवर शोधला होता. तेरा जणांच्या रग्बीत, म्हणजे रग्बी लीगमध्ये, चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडलं की तो उठतो, पायाने चेंडू मागे साथीदाराकडे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. ही पद्धत १९०६ पासूनची. पण चेंडू ज्याच्याकडे त्याच्याकडेच राहात असल्यामुळे तगडा संघ तो मिनिटंच्या मिनिटं दाबून बसे. शेवटी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये ठरलं की चार पकडी झाल्या की चेंडू सोडायचा. चार फार कमी पडल्या, खेळ धांदलीचा झाला, म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या सहा केल्या. आज जगभर सहाच आहेत. तीन चढाया, सहा पकडी. मोजून दिलेली संधी माणसाला धीट करते, हे दोन खेळांनी वेगवेगळं ताडलं. दोन्ही खेळांचा प्राण पकडीत आहे, आणि दोन्ही खेळ हातावर पोट असणाऱ्यांचे. हे दुसरं साम्य मला पहिल्याहून मोठं वाटतं.

रग्बी लीगचा जन्मच बुडालेल्या मजुरीतून झाला. उत्तर इंग्लंडातल्या गिरण्या आणि खाणी शनिवारी अर्धा दिवस चालत. सामना खेळायचा तर पाळी बुडवावी लागे आणि त्या वेळेचे पैसे कापले जात. क्लबांनी तेवढी भरपाई द्यायचं म्हटलं, तर लंडनच्या साहेबी मंडळींनी नाक मुरडलं. खेळ कसा निव्वळ हौसेने खेळावा! ज्यांची मजुरी बुडत नाही त्यांना हे म्हणायला सोपं असतं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत बुडीत मजुरी, एवढ्या मुद्द्यावर एका खेळाचे दोन झाले.

फ्रान्समध्ये हा खेळ पोचला १९३४ मध्ये, जाँ गालिया नावाच्या खेळाडूच्या पुढाकाराने, आणि दक्षिणेकडच्या गावांत झपाट्याने पसरला. मग युद्ध आलं. १९४१ च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या विशी सरकारने हुकूम काढून तो खेळ बरखास्त केला. मैदानं, पैसे, सामान, सगळं जप्त. एखाद्या पक्षावर बंदी घालावी तशी खेळावर बंदी! युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला, पण ‘रग्बी’ हे नाव वापरायची मुभा त्याला १९९० च्या दशकापर्यंत नव्हती. कागदोपत्री तो नुसता ‘तेरांचा खेळ’ होता.

या खेळात फ्रान्सने घडवलेला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे पुइग ओबेर. १९२५ चा जन्म. खेळण्याच्या वयात आला तेव्हा तेरांचा खेळ बेकायदा, म्हणून पेर्पिन्याँमध्ये पंधरांचं रग्बी खेळला. बंदी उठल्यावर कार्कासोनकडून तेरांच्या खेळात उतरला. बुटका, गोल अंगाचा, सिगारेट ओढण्यावरून ‘पिपेत’ असं टोपणनाव पडलेला. सरावाचा त्याला कंटाळा होता आणि पाठलाग करून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा त्याहून जास्त. पण त्याचा पाय! मैदानातल्या कुठल्याही कोनातून तो चेंडू खांबांमधून लाथाडायचा. १९५१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली फ्रान्सचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि यजमानांना त्यांच्याच भूमीवर कसोटी मालिकेत २-१ असं हरवून आला. एकट्या पुइग ओबेरने त्या दौऱ्यात दोनशेहून जास्त गुण केले. त्या वर्षीचा फ्रान्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाने निवडलं ते त्यालाच. दहा वर्षांपूर्वी ज्या खेळाचं सामानसुद्धा सरकारने उचलून नेलं होतं, त्या खेळाचा माणूस!

महाराष्ट्रात बुडीत मजुरीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. इथे सहा शिलिंग नव्हते, नोकरी होती. लालबाग-परळच्या मंडळांतले गडी गिरणीच्या पाळ्या सांभाळून रात्री दिव्यांच्या उजेडात खेळायचे. पुढे रेल्वे, मुंबई पोलीस, महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांनी आपापले संघ बांधले आणि चांगल्या चढाईपटूला कामावर घेतलं. कबड्डीच्या स्पर्धांत आजही ‘व्यावसायिक गट’ असतो, तो या नोकरदार संघांचा. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. खेड्यातल्या बापाला पोराच्या कबड्डीचा अर्थ समजतो तो इथे. मग २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. नऊ वर्षांनी पवन सेहरावतवरची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर थांबली. अर्ध्या मिनिटाचा भाव इतक्या वेगाने क्वचितच कशाचा वाढला असेल.

आता आमच्याच जिल्ह्यातल्या राजूरकडे येऊ. अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं हे बाजारगाव पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी लोकांना माहीत असतं. आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालयही इथेच आहे, आणि आजूबाजूच्या आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत येतात. या शाळांत कबड्डी रुजली याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. सपाट जागेचा एक तुकडा आणि आखायला फक्की, एवढ्यावर चौदा मुलं खेळू शकतात असे खेळ आहेत किती? मात्र इथल्या मुलासमोर एक चमत्कारिक नकाशा असतो. आश्रमशाळांच्या स्पर्धेत तो जिंकत गेला तर प्रकल्पस्तरावरून नाशिकला जातो, कारण राजूर प्रकल्प नाशिकच्या अपर आयुक्तांखाली येतो. शालेय क्रीडा स्पर्धांतून जिंकत गेला तर तालुका, मग नगर, मग पुणे विभाग. आणि मंडळाकडून खेळला तर जिल्हा संघटनेची निवड चाचणी, तिथून राज्य अजिंक्यपद आणि राष्ट्रीय. एकच मूल, एकच दम, आणि तीन दिशांना तीन वाटा. यातली तिसरी वाट भारताच्या संघापर्यंत जाते, पण बऱ्याच मुलांना ती सगळ्यात उशिरा कळते. माझ्या मते डोंगरातला गडी मागे पडतो तो ताकदीत नाही, इथे.

त्याला आणखी दोन गोष्टी उशिरा भेटतात. एक मॅट. मातीवर अनवाणी पाय घसरतो आणि घसरण्याचा उपयोग करून घेता येतो. मॅटवर बुटाचा तळ चिकटतो आणि तीच गिरकी गुडघ्यावर येते. मातीतला उत्तम गडी मॅटवर पहिल्या महिन्यात अडखळतो तो या कारणाने. दुसरी गोष्ट वजनकाटा. किशोर गटाला ५५ किलो, कुमारांना ७०, मोठ्यांना ८५. रोज डोंगर चढ-उतार करणारी इथली पोरं काटक असतात, काटा त्यांना क्वचित अडवतो. अडचण उलटी येते, मोठ्या गटात गेल्यावर समोरच्या ८५ किलोंना आपल्या ६५ किलोंनी पाडायचं कसं. उत्तर तेच, पाव सेकंद आधी. २०२४ च्या मार्चमध्ये पुरुषांची ७० वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली, तेव्हा जिल्ह्यातल्या पोरांना देशातले मोठमोठे चढाईपटू हाकेच्या अंतरावरून बघता आले. दूरदर्शन संचावर पाव सेकंद दिसत नाही. मैदानाच्या कडेला बसलं की दिसतो.

कबड्डीचं हे ज्ञान आता एका देशाचं राहिलेलं नाही. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला संघाला शिकवलं, आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत त्याच संघाने भारताच्या महिलांना २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. त्याच स्पर्धेत भारताच्या पुरुषांनाही इराणनेच उपांत्य फेरीत गारद केलं. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण आणणारा संघ कांस्यपदक घेऊन आला. आपल्याकडे तेव्हा हळहळ झाली. मला मात्र त्या गोष्टीत नाशिकच्या मास्तरीणबाईंचा अभिमान जास्त वाटला होता, आणि अजून वाटतो.

आशियाई खेळांतली त्यानंतरची भेट हांगझाऊला, ७ ऑक्टोबर २०२३ ला. सकाळी भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवलं; त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. मग पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. भारताच्या बाजूला असलम होता, पलटणचाच आकाश शिंदे होता, कर्णधार पवन सेहरावत होता. दोन मिनिटंही उरली नव्हती, फलकावर २८-२८, आणि पवनची तिसरी चढाई. तो कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे चार जण तिथेच शिरले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे स्पर्शाआधी राखीव क्षेत्रात गेलेले सगळेच बाद, म्हणजे भारताला चार आणि इराणला एक. दुसऱ्या नियमाप्रमाणे चढाईपटू बाहेर गेला तिथेच खेळ थांबला, म्हणून फक्त तोच बाद. पंचांनी एक निर्णय दिला, मग फिरवला, मग पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. अर्ध्या मिनिटाच्या एका चढाईचा निकाल लागायला जवळजवळ एक तास गेला. अखेर भारताला चार गुण मिळाले आणि सामना ३३-२९ असा संपला.

इराणच्या संघात त्या दिवशी मोहम्मदरेझा शादलू नावाचा पकडपटू होता, डाव्या कोपऱ्यातला, पकडल्यावर खदाखदा हसणारा. दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या पर्वाचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. कर्णधार असलम इनामदार. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये या दोघांच्या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. असलम पर्वाचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला, आणि सर्वोत्तम पकडपटू शादलू.